जीर्णोद्धार मोटारीचा, कसोटी लाकडाच्या रंगाची

पेढीच्या मागील गोदामात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली आजोबांची मोटार, हे दृश्य जुन्या व्यापारी घराण्यांना अपरिचित नाही. कापसाच्या, कापडाच्या अथवा सराफीच्या व्यवसायात घराणे स्थिरावले, त्या काळी हौसेने घेतलेली ती इंग्रजी किंवा अमेरिकी बनावटीची गाडी. पुढे ती रस्त्यावरून निवृत्त झाली. पण विकून टाकण्याचे मन कोणाचेच झाले नाही. मग तिसऱ्या पिढीतील एखादा नातू ती पुन्हा चालती करावयाची असे ठरवितो. इंजिन उघडले जाते, टायर मागविले जातात, बंपरवर क्रोमचा मुलामा नव्याने चढतो. सर्वांत शेवटी लक्ष जाते ते डॅशबोर्डाच्या व दारांच्या लाकडाकडे. त्यावरील पॉलिश तडकलेले असते, कडा पांढुरक्या झालेल्या असतात, स्क्रूंच्या भोवती काळे डाग पडलेले असतात. घराचे फर्निचर करणाऱ्या पॉलिशवाल्याला निरोप जातो. तो दुपारभर काचकागद घासतो, गडद तपकिरी रंग देतो आणि वर चकचकीत थर चढवितो. संध्याकाळी लाकूड नवेकोरे दिसू लागते. गाडी मात्र घरातील वडीलधाऱ्यांना ओळखू येईनाशी होते.

त्या एका दुपारी जे घासून गेले, ते पुन्हा मिळविता येत नाही. गाडीचा पंप, दिवा, काच यांना क्रमांक असतो. तो सांगितला तर वस्तू देशात नाही तर परदेशात सापडते. लाकडाच्या रंगाला असा क्रमांक नसतो. त्याचा पुरावा केवळ त्या लाकडावरच असतो. म्हणूनच जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारात लाकडाचा मूळ रंग जुळविणे हे वरकरणी किरकोळ वाटणारे काम प्रत्यक्षात फार जोखमीचे ठरते.

मोटारीत लाकूड आले कोठून?

मोटार ही घोडागाडीची वारसदार होय. पहिल्या पिढीतील मोटारींची बॉडी बांधणारे कारागीर हे बग्गी व रथ बांधणारे सुतारच होते. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी मोटारीच्या चाकांचे आरे हिकरी नावाच्या चिवट लाकडाचे असत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉईस कंपनी केवळ यंत्रासह चासी विकत असे. बॉडी मात्र ग्राहक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधवून घेई. हूपर, पार्क वॉर्ड, एच. जे. मुलिनर ही त्या व्यवसायातील नामांकित नावे. १९४६ साली आलेली बेंटली मार्क सिक्स ही या कंपनीच्या कारखान्यातच संपूर्ण बॉडीसह तयार होऊ लागलेली पहिली मोटार.

रंगाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत्येक कोचबिल्डरचा सुतार वेगळा, रंगारी वेगळा, ग्राहकाची आवड वेगळी. त्यामुळे एकाच वर्षी एकाच कंपनीच्या चासीवर बांधलेल्या दोन मोटारींच्या डॅशबोर्डाचा रंग सारखाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. दुसऱ्याच्या गाडीचे छायाचित्र दाखवून 'असा रंग करा' असे सांगणे म्हणजे एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याच्या पासबुकात लिहिण्यासारखे होय.

अमेरिकेत लाकडाचा उपयोग निराळ्या रीतीने झाला. फोर्ड कंपनीने मिशिगन राज्याच्या उत्तर भागात विस्तीर्ण जंगले घेतली आणि आयर्न माउंटन येथे लाकूडकामाचा मोठा कारखाना उभारला. १९२९ साली मॉडेल ए मालिकेत आलेल्या स्टेशन वॅगनची चौकट मॅपलची आणि फळ्या बर्चच्या असत. क्रायसलरची टाउन अँड कंट्री ही मोटार १९४१ साली आली. तिची फिकट चौकट अ‍ॅश लाकडाची आणि तिच्या आतील गडद फळ्या महोगनीच्या होत्या. इंग्लंडमधील मॉरिस मायनर ट्रॅव्हलर १९५३ ते १९७१ या काळात तयार होत असे. तिच्या मागील भागाची अ‍ॅशची चौकट ही शोभेची नसून गाडीचा भार पेलणारी आहे. ती कुजली असेल तर ब्रिटनमधील वाहन तपासणीत गाडी नापास होते.

लाकूड दिसते, पण आहे का?

रंग जुळविण्यापूर्वी एक प्राथमिक खात्री करून घ्यावी लागते. समोर दिसते ते खरोखर लाकूड आहे का? १९३० व १९४० च्या दशकांतील अनेक अमेरिकी मोटारींचे डॅशबोर्ड व खिडक्यांच्या चौकटी पोलादी पत्र्याच्या आहेत आणि त्यांवर लाकडाच्या शिरांचे हुबेहूब चित्र उमटविलेले आहे. प्रथम पत्र्यावर फिकट तपकिरी रंगाची जमीन, मग कोरलेल्या ठशावरून रुळाने उचललेली शाई, त्यावर किंचित गडद छटा आणि शेवटी पारदर्शक लॅकर, अशी ती रीत होती. टाउन अँड कंट्रीमध्येसुद्धा १९४७ च्या सुमारास खऱ्या महोगनीऐवजी लाकडाचे चित्र छापलेला पातळ कागदवजा थर वापरण्यात येऊ लागला. अशा पत्र्यावर कोणी काचकागद चालविला, तर पाच मिनिटांत 'लाकूड' नाहीसे होऊन लोखंड दिसू लागते. लोहचुंबक लावून पाहिले की शंकेचे निरसन होते. एवढी साधी तपासणी न केल्यामुळे कायमचे नुकसान होऊ शकते.

मूळ रंग म्हणजे कोणता रंग?

डोळ्यांना दिसणारा रंग एकच असला, तरी त्यात चार घटक मिसळलेले असतात. पहिला, लाकडाचा अंगचा रंग. दुसरा, त्यावर दिलेला स्टेन. तिसरा, लाकडाची सूक्ष्म छिद्रे बुजविण्यासाठी भरलेली रंगीत भरण आणि वरचा पारदर्शक थर. हा थर कालांतराने मधासारखा पिवळसर होतो. चौथा घटक म्हणजे काळ, अर्थात वर्षानुवर्षे पडलेला उजेड.

हा चौथा घटक प्रत्येक लाकडावर निराळा परिणाम करतो. अक्रोडाचे लाकूड उजेडाने फिकट व सोनेरी होत जाते. महोगनी गडद होते. मॅपल व अ‍ॅश पिवळे पडतात. स्टेनमधील रंगद्रव्य कच्चे असेल तर ते उडून जाते, आणि मग खालील लाकडाचा रंग वर येतो. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांनी दिसणारा रंग हा कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या दिवसाचा रंग नसतो.

येथेच खरा निर्णय घ्यावा लागतो. गाडी शोरूममध्ये प्रथम उभी राहिली तो रंग आणावयाचा, की आजोबांनी जिच्या स्टिअरिंगवर हात ठेवून पंढरपूर-सोलापूरचा प्रवास केला त्या गाडीचा, वयाने पक्व झालेला रंग राखावयाचा? दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. संपूर्ण डॅशबोर्ड व चारही दारांच्या पट्ट्या खराब झाल्या असतील, तर पहिली भूमिका योग्य ठरते. एखादीच पट्टी बदलावयाची असेल, तर नवी पट्टी जुन्यांच्या आजच्या रंगाशी जुळविणे क्रमप्राप्त होते. निर्णय न घेता काम सुरू केले, तर एक दार १९५० चे, दुसरे २०२० चे आणि डॅशबोर्ड कोणत्याच काळाचा नाही, अशी अवस्था होते.

साक्षीदार लपलेला असतो

शोरूममधील रंग शोधण्याचा मार्ग सोपा आहे. मात्र त्यासाठी धीर हवा. जेथे उजेड पोहोचला नाही तेथे तो रंग टिकून असतो. घड्याळे व मीटर यांच्या गोल कड्यांखाली, राखदाणीच्या मागे, हातपेटीच्या झाकणाच्या बिजागरीखाली, दाराच्या पट्टीची जी कड काचेच्या रबराखाली दडलेली असते तेथे, आणि आरसा बसविण्याच्या पट्टीखाली पाहावे. एकाच फळीवर झाकलेला भाग व उघडा भाग शेजारी शेजारी दिसला, की उजेडाने किती बदल केला हे प्रत्यक्ष कळते.

म्हणून भाग सुटे करताना प्रत्येकाचे दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्यावे व त्यासोबत रंगपट्टी ठेवावी. छायाचित्र एकटे विश्वासार्ह नसते, कारण कॅमेरा आपल्या हिशेबाने रंग बदलतो. शेजारी ज्ञात रंगाची पट्टी असेल तर तो फरक लक्षात येतो. झाकलेला निदान एक चौरस इंच भाग तरी, काम पूर्ण होईपर्यंत, अस्पर्श ठेवावा. तो एकदा गेला की पुढील सर्व चर्चा तोंडी पुराव्यावर चालते.

वरचा थर ओळखणे

जुना थर काढण्यापूर्वी तो कशाचा आहे हे ठरवावे लागते. एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावावा. थर चिकट होऊन विरघळू लागला, तर तो लाखेचा, म्हणजे चपड्याचा. स्पिरिटने काही झाले नाही पण लॅकर थिनरने तो मऊ पडला, तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोहोंनाही दाद दिली नाही, तर तेलाचे जुने वॉर्निश किंवा नंतरच्या काळातील पॉलिएस्टर अथवा पॉलियुरेथेन.

लाखेचा विषय निघाला की श्रावक कुटुंबात एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. लाख ही एका लहान कीटकाच्या स्रावापासून मिळते आणि ती गोळा करताना असंख्य जीवांची हानी होते. श्रावकाचारात निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा उल्लेख आहे, तो याच कारणाने. भारत हा लाखेच्या उत्पादनात जगात अग्रेसर असून रांचीजवळील नामकुम येथे १९२४ साली लाखेवरील संशोधनसंस्था स्थापन झाली. मात्र मोटारीच्या कामात लाख अपरिहार्य नाही. १९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटार उद्योगात आले आणि वाळण्याचा वेळ दिवसांवरून तासांवर आला. त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांचे लाकूड मुळातच लाखेविना रंगविलेले आहे. ज्या गाडीवर लाखेचा थर होता, तेथेही स्टेनचा रंग नेमका राखून वर दुसरा पारदर्शक थर देता येतो. तसे केले तर त्याची नोंद ठेवावी, म्हणजे पुढील पिढीतील कारागीर चुकीच्या द्रावणाने ते काढावयास जाणार नाही. व्हेनियर चिकटविण्यासाठी पूर्वी वापरला जाणारा सरसही प्राणिजन्य असे. त्याच्या जागी आज कृत्रिम गोंद सहज मिळतो.

घासण्याचा मोह

इंग्रजी मोटारींच्या डॅशबोर्डावर जे अक्रोडाचे देखणे वळणदार लाकूड दिसते, ते अखंड फळीचे नसते. झाडाच्या बुंध्यावर वाढलेल्या गाठीतून कापलेला पातळ पापुद्रा, म्हणजेच व्हेनियर, साध्या लाकडावर चिकटविलेला असतो. त्याची जाडी एक मिलीमीटरहूनही कमी असते. एकाच गाठीतून लागोपाठ कापलेले दोन पापुद्रे वहीच्या पानांसारखे उलगडून शेजारी लावले, की डावी व उजवी बाजू एकमेकींचे प्रतिबिंब भासतात. दर्जेदार कारखान्यांत एका गाडीचे सर्व लाकडी भाग एकाच गाठीतून घेतले जात. रोल्स-रॉईसच्या कारखान्यात तर त्याच संचातील काही पापुद्रे भविष्यातील दुरुस्तीसाठी बाजूला ठेवण्याची प्रथा होती.

इतक्या पातळ थरावर यंत्राने काचकागद फिरविणे म्हणजे मुद्दलालाच हात घालणे होय. कडांपाशी क्षणात खालचे लाकूड दिसू लागते. म्हणून जुने पॉलिश काढण्यासाठी रासायनिक द्रावण लावावे, ते मऊ झाल्यावर बोथट लाकडी पट्टीने उचलावे, आणि काचकागद केवळ अखेरच्या हलक्या हातासाठी, लाकडाच्या शिरांच्या दिशेने वापरावा. ही द्रावणे तीव्र असतात. मोकळी हवा व हातमोजे यांवाचून ती हाताळू नयेत.

स्क्रूंच्या भोवतालचे काळे डाग घासून जात नाहीत, कारण ते वरवरचे नसतात. पाणी, लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने ते आत तयार झालेले असतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ते फिकट होतात. हे आम्ल विषारी आहे. काम झाल्यावर लाकूड स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने अनेकदा पुसून पूर्ण वाळू द्यावे लागते, अन्यथा राहिलेला अंश पुढील थर बिघडवितो. गंजलेल्या स्क्रूच्या जागी पितळी स्क्रू वापरला, तर डाग पुन्हा पडत नाही.

नमुन्याच्या पट्ट्या

आता रंग जुळविण्याचे प्रत्यक्ष काम. पहिला नियम असा की, प्रयोग गाडीच्या लाकडावर करावयाचा नाही. त्याच जातीच्या लाकडाच्या, त्याच काचकागदाने तितक्याच घासलेल्या आठ-दहा पट्ट्या तयार कराव्यात. सागवानावर जुळलेला रंग अक्रोडावर जुळत नाही. जाड काचकागदाने घासलेले लाकूड अधिक स्टेन पिते आणि अधिक गडद दिसते. फळीचा आडवा छेद तर सर्वांत अधिक पितो, म्हणून कडा अगोदर पातळ पारदर्शक थराने किंचित बंद कराव्या लागतात.

स्टेनचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, जशी पाण्यात साखर. तो लाकडात आतवर शिरतो, शिरा झाकत नाही व लाकूड पारदर्शक दिसते. दुसऱ्यात रंगाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात, जसा पाण्यात कालवलेला गेरू. ते छिद्रांत व ओरखड्यांत जाऊन बसतात आणि शिरा उठून दिसतात. १८५६ साली विल्यम पर्किन याने पहिला कृत्रिम अ‍ॅनिलिन रंग शोधला, त्यानंतर विरघळणाऱ्या रंगांची मोठी मालिका उपलब्ध झाली. त्यांतील पुष्कळसे जुने रंग उजेडाला कच्चे होते. कणयुक्त रंग तुलनेने पक्के. जुन्या लाकडाचा रंग बहुधा या दोहोंच्या मिश्रणाने साधला जातो. प्रथम विरघळणाऱ्या रंगाची फिकट जमीन, मग छिद्रांची भरण, मग गरजेनुसार पातळ छटा.

रंग नेहमी इच्छित छटेपेक्षा फिकट पातळीपासून चढवीत न्यावा. गडद करणे केव्हाही शक्य असते. गडद झालेले फिकट करणे जवळजवळ नवे काम ठरते. छटा अति तांबूस वाटली तर तिच्यात हिरवट झाक असलेला कच्चा अंबर किंचित मिसळावा. अति नारिंगी वाटली तर निळ्याचा सूक्ष्म अंश तिला शांत करतो. निस्तेज वाटली तर भाजलेल्या सिएनाची ऊब उपयोगी पडते. येथे प्रमाण चमच्याचे नसून थेंबांचे असते.

दुसरा नियम असा की, वाळलेला स्टेन पाहून निर्णय घेऊ नये. वाळलेला स्टेन फिका व मातकट दिसतो. त्यावर पारदर्शक थर पडला की रंग एकदम खोल होतो. म्हणून प्रत्येक पट्टीच्या अर्ध्या भागावर अखेरचा थर देऊनच ती मूळ नमुन्याशेजारी धरावी. जे अनेकांना निराश करते ते येथेच घडते. स्टेन बरोबर जुळला म्हणून सर्व भाग रंगविले जातात, आणि लॅकर पडल्यावर सारे दोन छटा गडद होऊन बसते.

दुकानाच्या पायरीवरचा उजेड

कापडाच्या दुकानात चोखंदळ गिऱ्हाईक साडी घेऊन पायरीवर येते आणि दिवसाच्या उजेडात पदर व ब्लाउजपीस जुळते का ते पाहते. हिऱ्यांची पारख करणारे उत्तरेकडील स्थिर उजेड पसंत करतात. त्यामागील शास्त्र लाकडालाही लागू आहे. निरनिराळ्या रंगद्रव्यांनी बनलेल्या दोन छटा ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात भिन्न दिसतात. गाडी प्रदर्शनात उघड्यावर उभी राहणार असेल, तर वर्कशॉपच्या दिव्याखाली ठरविलेला रंग तेथे उघडा पडतो. म्हणून नमुना सकाळी, दुपारी व दिव्याखाली असा तिन्ही वेळा पाहावा.

शिवाय गाठीच्या लाकडाचा एक स्वभाव आहे. डावीकडून पाहिले तर जो भाग उजळ, तोच उजवीकडून गडद दिसतो. यासाठी पट्टी टेबलावर आडवी ठेवून न पाहता, गाडीत ज्या जागी व ज्या कोनात ती बसणार तेथे धरून, चालकाच्या आसनावरून आणि शेजारच्या आसनावरूनही पाहणे आवश्यक असते.

वहीतील नोंद

जुळलेल्या पट्टीच्या मागे सर्व तपशील लिहून ठेवावा: लाकडाची जात, काचकागदाचा क्रमांक, कोणता रंग किती थेंब, द्रावण किती मिलिलीटर, किती थर, प्रत्येक थरानंतर किती तास, आणि दिनांक. एका डॅशबोर्डाला लागेल त्याहून थोडा अधिक स्टेन एकाच वेळी करून ठेवावा. मध्येच संपला तर दुसरे मिश्रण तसेच उतरत नाही. ज्या घरांत दिवाळीला चोपडीपूजन होते, तेथे नोंदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

दोन व्यावहारिक सूचना येथे आवश्यक आहेत. मुंबई, कोकण व किनारपट्टीवरील दमट हवेत पावसाळ्यात हे काम काढू नये. ओल धरलेल्या लाकडावर व्हेनियर फुगते, लॅकर पांढुरके पडते आणि वाळण्याचे सर्व हिशेब चुकतात. दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम. दुसरी सूचना जिवाशी संबंधित आहे. जवसाच्या तेलाचे वॉर्निश पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर तेल वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत. गोदामात माल भरलेला असेल, तर या एका सूचनेचे मोल मोटारीहून अधिक आहे.

किती करावे, कोठे थांबावे

जुन्या मोटारींकडे पाहण्याची जगाची दृष्टी गेल्या काही दशकांत बदलली आहे. पूर्वी पारितोषिके नव्याहून नव्या दिसणाऱ्या गाड्यांना मिळत. आता मूळ स्थितीत जपलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र विभाग असतात. जुन्या वाहनांची 'फिव्हा' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून कार्यरत आहे. तिच्या ट्यूरिन सनदेचा रोख असा की, शक्य तेथे जतन करावे, बदल कमीत कमी असावेत, आणि जे केले त्याची नोंद राहावी.

आपल्याकडे कायद्यानेही मूळ स्वरूपाची दखल घेतली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी नियम अधिसूचित केले. मूळ स्वरूपात राखलेल्या, आणि चासी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या वाहनांना 'व्हीए' अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून प्रमाणपत्र दहा वर्षे वैध असते. असे वाहन नित्य वापरासाठी वा व्यवसायासाठी चालविता येत नाही. लाकडाची छटा कोणी नियमाने मोजणार नाही. तथापि गाडी 'मूळची' आहे असे सांगणाऱ्या मालकाच्या शब्दाला आधार देणारी नोंदवही कागदपत्रांसोबत असावी, हे व्यवहाराला धरूनच आहे. पुढे गाडी विकण्याचा प्रसंग आला, तर कोणती पट्टी जुनी व कोणती नवी हे ग्राहकाला स्पष्ट सांगता येते. रंग इतका जुळावा की पाहणाऱ्याच्या डोळ्यांना खटकू नये. पण जुळलेल्या रंगाच्या आड दुरुस्ती दडवून मूळपणाची किंमत घेऊ नये.

व्यापारी घराण्यांना अशा जपणुकीची परंपरा नवी नाही. अहमदाबादजवळ कठवाडा येथील दस्तान इस्टेटमध्ये प्राणलाल भोगीलाल यांनी उभारलेला जुन्या मोटारींचा संग्रह पाहिला, तर कोचबिल्डरांच्या हातचे लाकूडकाम किती विविध असे, याची कल्पना येते. नमुन्याचा डोळा घडविण्यासाठी अशा ठिकाणी अर्धा दिवस घालविणे हे दहा छायाचित्रे पाहण्याहून उपयोगाचे.

काम पूर्ण झाल्यावर बहुधा एक जागा शिल्लक राहते. चालकाच्या दाराच्या लाकडी पट्टीवर, खिडकीतून कोपर बाहेर टेकविण्याच्या ठिकाणी, पॉलिश झिजून लाकूड गुळगुळीत व उजळ झालेले असते. कारागीर विचारतो, हीही जागा रंगवून टाकावयाची का? कडा उखडल्या नसतील आणि ओल शिरत नसेल, तर तेथे स्टेन न देता केवळ संरक्षक पारदर्शक थर देऊन ती जागा तशीच ठेवता येते. तो रंग कोणत्याही कारखान्याने दिलेला नाही. तीस वर्षे त्या खिडकीत टेकलेल्या एका हाताने तो तयार केला आहे, आणि त्याचा नमुना दुसऱ्या कोठेही मिळणार नाही.